निरोप आणि प्रतीक्षा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ साली ‘कॉस्मिक क्यूब’ नावाचे गणकयंत्र सिद्ध झाले. त्यात ६४ प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र, प्रत्येकाचे दुवे सहा शेजाऱ्यांशी. एकाची माहिती दुसऱ्यास हवी असेल, तर निरोप धाडण्यावाचून गत्यंतर नसे.

निरोप स्वीकारला जाईपर्यंत पाठविणारा हातावर हात ठेवून बसला, तर वेळ व्यर्थ जातो. दोघेही एकाच वेळी निरोप धाडून परस्परांच्या स्वीकाराची वाट पाहू लागले, तर काम कायमचेच अडते. यावर तोड म्हणजे असमकालिक संदेशन: निरोप सोपवावा नि आपल्या कामास लागावे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमपीआय’ या प्रमाणसंहितेतही ही सोय आहे.

मात्र एक पथ्य पाळावे लागते. टपालपेटीत टाकलेले पत्र आपल्या हातून सुटते. येथे मजकूर पाठविणाऱ्याच्याच स्मृतीतून उचलला जातो. तत्पूर्वी त्या जागी नवा आकडा लिहिला, तर भलताच निरोप जाऊ शकतो, आणि यंत्र तक्रारही करीत नाही. म्हणून ती जागा पुन्हा वापरण्याआधी ‘मजकूर उचलला गेला काय?’ असे विचारणे आवश्यक ठरते. प्रतीक्षा सर्वस्वी टळत नाही. मधला वेळ तेवढा सत्कारणी लागतो.