फुकटचं शिक्षण, पण वेळ कुणाचा?

मैत्रिणींनो, दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की तासभर तुमचा असतो ना? त्या तासात काही शिकावं असं कितीदा मनात येतं. पण ‘आता वय का आहे? आणि फी कोण भरणार?’ म्हणून आपण गप्प बसतो.

या दोन्ही अडचणी आता उरलेल्या नाहीत, बरं का! भारत सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ सुरू केलं. नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर आहेत. नाव नोंदवायला, व्याख्यानं ऐकायला पैसा पडत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

मग अडतं कुठे? अमेरिकेत २०११ साली स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना मोफत खुला केला. सुमारे १,६०,००० जणांनी नावं घातली. शेवटपर्यंत टिकले सुमारे २३,०००! म्हणजे मधेच सोडणाऱ्या आपण एकट्या नाही.

माझीच गोष्ट सांगते. हिशेबलेखनाच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला मी हौसेने नाव घातलं. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे आले, तिसऱ्यात धाकट्याला ताप. स्वाध्यायाची तारीख उलटली ती उलटलीच. ‘जाऊ दे, फुकटच तर होतं,’ आमचे हे सहज बोलून गेले. मला मात्र ते लागलं. अभ्यासक्रम फुकट होता. माझ्या दुपारी फुकट नव्हत्या!

पुढच्या सत्रात पुन्हा नाव घातलं. या खेपेस घरात आधीच सांगून टाकलं, दोन ते तीन मला हाक मारायची नाही. पहिले चार दिवस सगळे कुरकुरले. मग सासूबाईच दारावर आलेल्यांना ‘तीननंतर या’ म्हणू लागल्या. परीक्षेच्या दिवशी मला केंद्रावर सोडायला हेच आले.

तुम्हीही सुरुवात करणार असाल तर एवढं करा. एका वेळी एकच विषय घ्या. बरीचशी व्याख्यानं इंग्रजीत असतात. पहिलं ऐकून पाहा, झेपलं तरच पुढे जा. स्वाध्यायांच्या तारखा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा, कारण त्यांचे गुण निकालात धरतात. घरात फोन एकच असेल तर तुमचा तास आधी ठरवून घ्या.

मराठीतून पदवीच हवी असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथे फी पडते. ‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे, हे लक्षात असू द्या.

शिक्षणाचं दार उघडलंय खरं. पण घरातला तो एक तास आपल्याला कुणी आणून देणार नाही. तो मागावा लागतो. मग आज रात्रीच्या जेवणाला विषय काढताय ना?