रोरायमा : भुकेल्या माथ्याचा डोंगर

सपाट माथा, चहूबाजूंनी सरळसोट कडे आणि कमरेला ढगांचा पट्टा. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना हे तीन देश जिथे एकमेकांना भिडतात, तिथे रोरायमा उभा आहे. तिथले मूळ रहिवासी पेमोन लोक अशा सपाट माथ्याच्या डोंगरांना टेपुई म्हणतात. या भागात शंभराहून जास्त टेपुई आहेत. पण दोर-खिळे न लावता, पायी चालत माथा गाठता येईल असे फार थोडे, आणि त्यांतला सगळ्यात नावाजलेला हा रोरायमा. उंची २,८१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अकराशे मीटरहून जास्त. माथ्यावर साधारण ३१ चौरस किलोमीटरचं पठार. जाऊन-येऊन साधारण सहा दिवस लागतात आणि पेमोन वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या माथ्यावर खायला काही नाही. माती जेमतेम, जी आहे तिच्यात कस नाही, आणि उरलंसुरलं जवळजवळ रोजचा पाऊस धुऊन नेतो. रोरायमाच्या बहुतेक साऱ्या नवलाईमागे ही भूक आहे.

डायनोसॉरपेक्षाही जुना

सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. रोरायमाचा वालुकाश्म १७० कोटी वर्षांहून जुना! ही वाळू साचत होती तेव्हा पृथ्वीवर प्राणी नव्हते, झाडं नव्हती, त्यामुळे या खडकात हाडं-शिंपले सापडण्याचा प्रश्नच येत नाही. एके काळी हे सगळं एकसंध पठार होतं. ऊन-पावसानं ते झिजत गेलं, भेगा रुंदावल्या, मधला भाग वाहून गेला आणि उरले ते हे सुटे सुटे टेपुई.

माथा दिसतो काळाकुट्ट. पण हा रंग खडकाचा नाही, त्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या पातळ थराचा आहे. आतला खडक गुलाबी. जिथे वर्षानुवर्षं माणसं चालली तिथे काळा थर घासला गेलाय आणि वाट फिकट गुलाबी रेघ होऊन उमटलीय. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. मग पायाखालची ही रेघच खरी सोबतीण.

सीतेच्या आसवांची सातासमुद्रापारची बहीण

मातीत नायट्रोजन नाही, मग झाडानं काय करायचं? शिकार करायची. रोरायमावर कीटकभक्षी वनस्पतींची रेलचेल आहे. त्यांतली हेलिअ‍ॅम्फोरा नीट पाहण्यासारखी. तिचं पान गुंडाळून उभा कलश झालेलं असतं. टोकाला इवलासा चमचा, त्यात मध. कलशाच्या आतल्या अंगाला खाली वळलेले बारीक केस. ऊन असताना मुंगी या केसांवरून बिनधास्त फिरते. पाऊस पडला की केसांवर पाण्याचा पापुद्रा धरतो, मुंगीचे पाय सुटतात आणि ती थेट तळाच्या पाण्यात. एवढ्या पावसात कलश भरून वाहिला तर भक्ष्यही वाहून जाईल, म्हणून त्याला जादा पाणी सोडून द्यायची सोयसुद्धा आहे. पावसालाच कामाला लावणारा असा सापळा मला तरी या डोंगरावरची सगळ्यात बुद्धिमान गोष्ट वाटते.

दुसरी शिकारी आपल्या ओळखीच्या घरातली आहे. कास पठारावर जांभळा गालिचा अंथरणारी सीतेची आसवं आठवा. त्याच युट्रिक्युलारिया प्रजातीतली एक मोठ्या फुलांची जात या टेपुईंवर राहते. ती बऱ्याचदा अननसाच्या नात्यातल्या एका झाडाच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात बिऱ्हाड करते. या प्रजातीच्या पाण्यातल्या इवल्या पिशव्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात भक्ष्य आत ओढतात. कासच्या सड्यावर मातीचा थर पातळ, म्हणून तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू ही कीटकभक्षी झाडं. रोरायमावर दवबिंदूचीही वेगळी जात आहे, लालबुंद आणि चिकट. दोन खंडांत, दोन निराळ्या खडकांवर, भुकेवर शोधलेला उपाय मात्र एकच.

उडी न मारणारा बेडूक

या माथ्यावर एक काळा बेडूक राहतो, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. त्याला धड उडी मारता येत नाही. तो चालतो, एकेक पाय टाकत, खडकाला धरत धरत. याच्या अंड्यांतून टॅडपोल निघत नाहीत, थेट छोटे बेडूकच बाहेर पडतात. रोरायमा आणि शेजारचा एक छोटा टेपुई सोडला तर तो जगात कुठेच सापडत नाही.

त्याचा चुलतभाऊ जवळच्या कुकेनान टेपुईवर असतो. त्याची तऱ्हा आणखी न्यारी. टॅरंटुला जातीचा मोठा कोळी अंगावर आला की तो हातपाय पोटाशी घेतो, अंग आवळतो आणि उतारावरून गोटीसारखा गडगडत खाली जातो. वजनच इतकं कमी की खडकावर आपटूनही त्याला काही होत नाही.

एका बुंध्याची गोष्ट

पेमोन लोकांची कथा अशी. फार पूर्वी इथे एक प्रचंड झाड होतं आणि त्याला जगातली सगळी फळं लागत. कथेचा नायक माकुनाइमा आणि त्याच्या भावंडांनी ते तोडलं. बुंध्यातून पाण्याचा लोंढा उसळला, सगळीकडे पूर आला. झाड पडलं, खाली उरला तो बुंधा म्हणजे रोरायमा. सगळ्यांचं पोट भरणाऱ्या झाडाचा बुंधा, आणि आज त्याच्यावर मुंगीलासुद्धा फारसं काही मिळत नाही. कथेतलं पाणी मात्र अजून वाहतंय. माथ्यावर पडलेल्या पावसाची तीन खोऱ्यांत वाटणी होते: काही ओरिनोकोला, काही अ‍ॅमेझॉनला, काही एसेकिबोला. कोणत्या थेंबानं कुठे जायचं हे तो कुठे पडला यावर ठरतं.

'हॉटेल'मध्ये मुक्काम

वाट पाराईटेपुई या पेमोन गावातून सुटते. पहिला मुक्काम टेक नदीकाठी, आणि ही जागा गावापेक्षा खालच्या उंचीवर आहे. म्हणजे परतताना दमलेल्या पायांनी शेवटी चढ! त्यानंतर कुकेनान नदी. वर पाऊस झाला की या नद्या बघता बघता फुगतात, मग काठावर बसून पाणी उतरण्याची वाट पाहायची. वाटाडे सांगतात, बूट काढा पण मोजे घालूनच पाण्यात उतरा. शेवाळलेल्या दगडावर अनवाणी पाय घसरतो, मोजा धरून ठेवतो. नदीकाठी पुरी-पुरी नावाच्या बारीक माश्या आहेत. त्या चावताना कळत नाहीत, नंतर दिवसभर खाजवत बसावं लागतं. लांब बाह्या हाच उपाय.

पायथ्याच्या तळावरून कड्याला बिलगून तिरपी चढणारी एक नैसर्गिक धार आहे. तिच्यावरच्या जंगलातून चार-पाच तासांत माथा येतो. वाटेत एका ठिकाणी वरून धबधब्याचं पाणी थेट डोक्यावर पडतं, त्या जागेला 'अश्रूंची खिंड' म्हणतात. निसरडे सुटे दगड, त्यात वरून पाणी. इथे घाई करणारा वाटाड्याचं ऐकत नाही असंच समजावं.

वर तंबू उघड्यावर लावत नाहीत. कड्याच्या पोटात कोरलेल्या कपारींखाली लावतात आणि या कपारींना सगळेजण हॉटेलच म्हणतात. प्रत्येक हॉटेलात मोजकेच तंबू मावतात, म्हणून कुठल्या गटानं कुठे उतरायचं हे वाटाडे आपसांत ठरवतात. जेवणात तिथली खास चीज म्हणजे कसावाच्या कंदाची कडक, मोठी भाकरी. तिच्यासोबत कुमाची नावाची झणझणीत चटणी येते, आणि तिच्यात वाळवी किंवा मुंग्या असतात. शाकाहारी असाल तर हे गावातच सांगून ठेवा, वर दुकान नाही.

आणि आता ट्रेकमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम. माथ्यावर शौचाला छोटा आडोशाचा तंबू असतो. पिशवी, चुन्याची भुकटी, घट्ट गाठ. ही पिशवी खाली आणली जाते, आणि बहुतेक वेळा ती आणणारा माणूस पेमोन हमाल असतो. ट्रेकच्या पैशांत या माणसाचा मोबदला नीट धरलाय ना, हे आधी विचारावं असं मला मनापासून वाटतं. वर आपला एक मूठभर कचराही खतासारखा पडतो. ज्या झाडांनी लाखो वर्षं उपास काढून शिकार शिकली, त्यांच्या शेजारी मग भरपूर खाणारं परकं तण उगवायला वेळ लागत नाही. साबण, शाम्पू, उष्टं पाणी, सगळ्याला हेच लागू.

स्फटिकांचंही तसंच. एका दरीत पायाखाली पांढऱ्या गारगोटीच्या स्फटिकांचा सडा पडलेला असतो. गार पाण्याच्या नैसर्गिक कुंडांत तळाला तेच चमकतात. उचलायची परवानगी नाही. परतताना पाराईटेपुईत सॅक उघडून तपासतात.

वर काय होतं असं वाटलेलं?

१८८४ सालच्या डिसेंबरात एव्हरार्ड इम थर्न आणि हॅरी पर्किन्स ब्रिटिश गयानातून येऊन याच तिरप्या वाटेनं माथ्यावर पोहोचले. वर जायला वाट नाही असं तोवर युरोपात समजत. त्यांच्या चढाईच्या वृत्तांतांवरूनच आर्थर कॉनन डॉयल यांना १९१२ सालच्या 'द लॉस्ट वर्ल्ड' कादंबरीची कल्पना सुचली असं मानलं जातं. त्यांनी माथ्यावर डायनोसॉर सोडले. २००९ सालच्या 'अप' या अ‍ॅनिमेशनपटाच्या चमूनं तर चित्रं काढायला प्रत्यक्ष इथले टेपुई पायाखाली घातले. त्यातला धबधबा आहे औयान टेपुईवरून ९७९ मीटर कोसळणाऱ्या एंजल धबधब्यावर बेतलेला. तो जगातला सगळ्यात उंच. त्याला ज्याचं नाव मिळालं तो वैमानिक जिमी एंजल १९३७ मध्ये औयानच्या माथ्यावर विमान घेऊन उतरला. चाकं चिखलात रुतली. तो, त्याची बायको आणि दोन साथीदार अकरा दिवस चालून खाली आले.

रोरायमाचा गयानाकडचा कडा मात्र चालणाऱ्यांचा नाही. १९७३ मध्ये हेमिश मॅकइनेस, जो ब्राऊन, डॉन व्हिलन्स आणि मो अँथोइन यांच्या ब्रिटिश पथकानं चिखल, विंचू आणि टॅरंटुला सोसत तो दोरानं सर केला.

जायचंच असेल तर

डिसेंबर ते एप्रिल त्यातल्या त्यात कोरडा. वर पाऊस कधीही येतो, रात्री चांगलीच थंडी पडते. त्यामुळे कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचाच. ब्राझीलमधल्या बोआ व्हिस्टा शहरातून रस्त्यानं सीमा ओलांडून व्हेनेझुएलातलं सांता एलेना गाठता येतं, तिथून जीपनं पाराईटेपुई. व्हेनेझुएलातली परिस्थिती आणि प्रवासाच्या सरकारी सूचना तारखा ठरवण्याआधी पाहा, त्या बदलत राहतात. भारतीयांनी पिवळ्या तापाची लस विसरू नये. ती मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. या देशांतून परतताना त्या लसीचं कार्ड नसेल, तर आपल्याच विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं.