‘पूल ओलांडू...’ पुढचा शब्द कुठे गेला?

पावसाळा आला की नागोठण्यात सगळ्यांचं लक्ष अंबा नदीकडे लागतं. पाणी कधी बाजारपेठेत आणि एसटी स्टँडात शिरेल, सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, ग्रुपवर मेसेज टाकला की झालं! पण २२ जुलै २०२१ आठवा. आपल्याच रायगडात महाड पाण्याखाली गेलं, तळियेत दरड कोसळली आणि वीज, मोबाइल नेमके तेव्हाच बंद पडले.

टॉवरला वीज लागते, बहुतेक ठिकाणी मागे फायबरही लागतं. जवळच्या जवळ बोलायला वॉकीटॉकीला यातलं काहीच लागत नाही. एका सेटवरून आवाज थेट दुसऱ्या सेटवर. पण जुन्या सेटवरून फोटो जात नाही, आणि डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. म्हणजे दोन्ही हवेत, आणि एकमेकांना जोडलेले हवेत.

ते काम गेटवे करतो. त्याच्या एका बाजूला रेडिओ सेट, दुसऱ्या बाजूला मोबाइल नेटवर्क. रेडिओवरचा आवाज तो डेटा पॅकेटमध्ये बदलतो, आणि पॅकेटचा परत आवाज करतो. आणीबाणीच्या सेवांसाठी मोबाइलवर ‘बटण दाबा आणि बोला’ याचं जागतिक मानक २०१६ मध्ये आलं. त्याचं नाव एमसीपीटीटी. आपल्या रेल्वेलाही अशा दळणवळणासाठी जून २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ बँडमधले ५ मेगाहर्ट्झ मंजूर झाले.

आता खरी गोम. रेडिओवर कोणीतरी बोलतंय हे गेटवेला कळायला आणि पलीकडचा ट्रान्समीटर सुरू व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात पहिला शब्द कापला जातो. तो बफर टाकून वाचवता येतो, पण मग प्रत्येक वाक्य तेवढंच उशिरा पोचतं.

शेवटाचं काय? घाईत माणूस बोलणं संपायच्या आधीच बटण सोडतो. इंग्रजीत नकार आधी येतो, मराठीत शेवटी. ‘पूल ओलांडू नका’ मधलं ‘नका’ गेलं, की उरतं ‘पूल ओलांडू’! हा शब्द आम्ही सॉफ्टवेअरवालेही परत आणू शकत नाही, कारण तो सेटमधून बाहेरच पडलेला नसतो.

म्हणून बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. बोलून झाल्यावर क्षणभर थांबून बटण सोडा. आणि वाक्यच बदला: ‘थांबा, पूल बंद. पुन्हा सांगतो, पूल बंद.’ ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं.

अजून एक. गेटवे बंद पडला तरी रेडिओ एकटा चालला पाहिजे. नवीन आलं म्हणून जुने सेट भंगारात काढले, तर पुढच्या पुरात आपल्याकडे दोन्ही नसतील.

भेटू पुढच्या भागात. तोवर पुराच्या पाण्यात गाडी घालू नका. ‘नका’ ऐकू आलं ना?