'ही मेड मी टू वेट' चूक की बरोबर? एका 'टू'मुळे जाऊ शकतो मार्क

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरमध्ये 'चूक ओळखा' या प्रश्नात असं वाक्य आलं, तर अनेक जण 'चूक नाही' हा पर्याय निवडतात. पण इथला 'टू' चुकीचा आहे. बरोबर वाक्य: 'ही मेड मी वेट.'

गोंधळ का होतो?
मराठीत आपण 'थांबायला लावलं' म्हणतो. त्या 'थांबायला'चं भाषांतर करताना 'टू' आपोआप तोंडात येतो.

नियम काय?
▪ मेक, लेट, हॅव: पुढे 'टू' नको. 'शी लेट हिम गो.'
▪ गेट, फोर्स, अलाउ: 'टू' हवाच. 'आय गॉट हिम टू साइन.'
▪ हेल्प: दोन्ही चालतं. 'हेल्प मी कुक' किंवा 'हेल्प मी टू कुक.'

खरी मेख इथे
वाक्य कर्मणी झालं की 'मेक'नंतर 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट.' 'लेट'चं मात्र कर्मणी करताना 'अलाउड टू' वापरतात: 'ही वॉज अलाउड टू गो.'

अर्थही बदलतो
'मेक' म्हणजे भाग पाडणं, 'हॅव' म्हणजे काम सांगून करून घेणं, 'गेट' म्हणजे मनवून करून घेणं. त्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये 'आय मेड सर साइन इट' लिहिलं, तर साहेबांवर जबरदस्ती केल्यासारखं वाटेल. तिथे 'आय गॉट सर टू साइन इट' लिहिलेलं बरं.