मजुरीचं गणित (भाग ६) : रोज ठरतो कुठे?

सोयाबीन काढणीला आलं की नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेड तालुक्यातल्या बायका रोजाने यायला राजी नसतात. त्यांना गुत्तं, म्हणजे एकराचा ठोक दर, हवं असतं. 'मावशी, एकराला किती घेता?' असं शेतकरी विचारतो, टोळीतली एखादी बोलकी बाई आकडा सांगते, आणि तो आभाळाकडे बघत थोडी घासाघीस करून मान डोलावतो. दोन महिन्यांपूर्वी याच बायका याच रानात निंदायला आल्या होत्या, तेव्हा आकडा त्याने सांगितला होता आणि मान त्यांनी डोलावली होती.

मागच्या भागात आपण कायद्यातलं किमान वेतन पाहिलं. बांधावर मात्र त्या कायद्याचं नाव क्वचितच कुणी काढतं. तिथे दोन मर्यादा चालतात. वरची मर्यादा मालकाच्या खिशाची : पिकातून सुटेल त्याहून जास्त मजुरी तो देणार नाही. खालची मर्यादा मजुराच्या पर्यायाची : दुसरीकडे मिळतं त्याहून कमी ती घेणार नाही. मधल्या जागेत रोज कुठे थांबेल, हे कोण जास्त थांबू शकतो यावर ठरतं. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा फुटतात, परतीचा पाऊस लागला तर दाण्याला कोंब येतात. म्हणून काढणीला शेतकरी थांबू शकत नाही. निंदणी दोन दिवस पुढे गेली तरी चालते, पण घरातलं पीठ संपलेलं असतं. तिथे बाई थांबू शकत नाही. कष्टाचा यात फारसा संबंध नाही. श्रावणातल्या चिखलात दिवसभर वाकून बसणं काही काढणीपेक्षा हलकं नसतं.

मुदखेडची फुलशेती याच नियमाने चालते. गुलाब, काकडा, मोगरा नांदेडच्या बाजारात जातो, हैदराबादकडेही जातो. मोगऱ्याची कळी उमलण्याआधी खुडावी लागते. उमललेला मोगरा बाजारात पडून राहतो. त्यामुळे पहाटे हजर असणाऱ्या हातांना किंमत येते. पण फुलाचा भाव चढला म्हणून तोडणीचा दर आपोआप चढत नाही. भाव चढल्याने मालकाची ऐपत वाढते, इतकंच. त्यातला वाटा मागायला आसपास दुसरं काम लागतं.

ते दुसरं काम मुदखेडला रेल्वे दाखवते. हे जंक्शन आहे. इथून एक फाटा धर्माबाद-निजामाबादकडे जातो, दुसरा भोकर-किनवटवरून आदिलाबादला. देवगिरी एक्स्प्रेस इथून एकीकडे मुंबईला, दुसरीकडे सिकंदराबादला नेते. हैदराबादच्या बांधकामावर काय मिळतं हे गावात फोनवर कळतं, आणि तरणा गडी गावातला रोज ठरवताना तोच आकडा मनात धरून बोलतो. माणसंच भेटत नाहीत, अशी शेतकऱ्याची तक्रार असते, ती खरीही असते. मात्र तिचा पुढचा भाग 'या रोजात' असा आहे, तो सहसा गाळला जातो. २०२२-२३ साली केरळात शेतमजूर पुरुषाचा सरासरी रोज ७६४ रुपयांच्या घरात होता, मध्य प्रदेशात २२९ च्या. केरळचा मजूर तिप्पट राबत नाही. तिथली पोरं शिकून आखातात गेली, मजुरांच्या संघटना जुन्या आहेत.

मराठवाड्यातल्या बाईला मात्र सगळं टाकून गाडीत बसता येत नाही. घर, लेकरं, म्हातारी माणसं मागे असतात. निंदणी, वेचणी 'बायकांची कामं', फवारणी, औत 'गड्यांची', अशी वाटणी केली की समान वेतनाचा कायदा मोडल्यासारखंही दिसत नाही. यावर महाराष्ट्राने एकदा नेमका घाव घातला होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. बाई-गडी दर एकच. पैसा बराचसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून उभा राहिला. पगारपत्रकावर तो कापलेला बघून चिडणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. हमीचं काम गावात सुरू असलं की पाटलाच्या रानात कमी रोजाला 'नाही' म्हणता येत होतं. माझ्या मते योजनेने मजुरी वाटली त्याहून मोठं काम हे केलं. पुढे केंद्राच्या रोजगार हमी योजनेत महाराष्ट्राचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये झाला, पण पैसे खात्यात महिना-महिना येत नसतील तर ज्या घरी रोजचा किराणा रोज आणावा लागतो, तिथल्या बाईसाठी हा पर्याय कागदावरच राहतो.

गावातली धुणीभांडी करणारी या सगळ्यात सर्वांत एकटी. शेतात टोळी असते, इथे एका घरात एकच बाई. पीक वाया जाण्याची भीती मालकिणीला नाही. बाई चार दिवस आली नाही तर ती स्वतः भांडी घासते. पुण्यात त्याच ताट-वाट्यांना कितीतरी जास्त पैसे मिळतात, कारण तिथे बाईला दुसरी दहा घरं आहेत आणि मालकिणीला कचेरी गाठायची असते. राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याने नोंदणी आणि मदतीची सोय झाली, पण मंडळ मजुरी ठरवत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २००४ सालीच घरकामाला किमान वेतन जाहीर केलं होतं. आपल्याकडे आकडा अजून शेजारणीला विचारूनच ठरतो : 'तुमच्याकडे किती देता हो?' मालकिणी एकमेकींना विचारतात. बायकांनीही एकमेकींना विचारून एका गल्लीचा एकच दर धरला, तर कायद्याची वाट न बघता तो वाढू शकतो.

पुढच्या आठवड्यात उचल : ऊसतोडीला जाणारी जोडी दर ठरायच्या आधीच पैसे का घेते, आणि त्या पैशांचं व्याज मजुरीतून कसं वसूल होतं. तोवर ज्यांच्या घरी भांड्यांना बाई येते त्यांनी एक हिशेब जरूर मांडावा. गेल्या पाच वर्षांत आपला पगार किती वाढला आणि तिचा किती?