दिवा बदलावा लागतो, हे आधी सांगा

दुकानदार आणि कारागीर बंधूंनो, माल विकताना आपण नफा मोजतो. पण त्याच मालात पुढे घालावा लागणारा खर्च गिऱ्हाइकाला सांगतो का? मागून प्रकाश टाकणाऱ्या मोठ्या पडद्याच्या टीव्हीची हकिगत या बाबतीत डोळे उघडणारी आहे.

हे टीव्ही अमेरिकेत फार खपले. आधी त्यांत लाल, हिरवी व निळी अशा तीन नळ्या असत. सन २००० नंतर डीएलपी आणि एलसीडी जातीचे सेट आले, त्यांत एकच प्रखर दिवा. हा दिवा पाऱ्याच्या वाफेचा. आतला दाब हवेच्या सुमारे २०० पट. त्याचे आयुष्य काही हजार तासांचे. ६,००० तास धरले आणि सेट रोज ५ तास चालला, तर सव्वातीन वर्षांत दिवा संपतो. चित्र आधी मंद होते, मग एके दिवशी पडदा काळा. नवा दिवा तेव्हा बहुधा १०० डॉलरच्या पुढे असे. घेताना हे कोणी सांगितले नसेल, तर गिऱ्हाईक फसल्यासारखे वाटून घेणारच. पुढे सपाट पडदे स्वस्त झाले. सोनीने २००७ मध्ये हा माल थांबवण्याचे जाहीर केले, मित्सुबिशीने २०१२ मध्ये.

टीव्ही गेले, पण याच जातीचा दिवा शाळांतील, क्लासमधील आणि सभागृहांतील अनेक प्रोजेक्टरांत आजही आहे. म्हणून आमच्या कारागिरांसाठी चार गोष्टी.

दिवा काढण्यापूर्वी प्लग काढा, यंत्र पुरते थंड होऊ द्या. नव्या दिव्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकट डागाने काच तापून तडकते. झाकण नीट बसले नाही तर आतला सुरक्षा स्विच यंत्र चालू होऊ देत नाही. शेवटी तासांचा मीटर शून्यावर आणा. दिवा फुटला तर खिडक्या उघडा, खोलीबाहेर पडा. आत पारा असतो.

नवा दिवाही पेटला नाही, तर दोष दिव्याला वीज देणाऱ्या बॅलास्टचा किंवा बंद पंख्याचा असू शकतो. डीएलपी यंत्रात पडद्यावर पांढरे ठिपके दिसले, तर दोष चिपचा असतो. अशा वेळी दिवा विकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे.

जुना प्रोजेक्टर घेताना दिव्याचे तास मेनूत पाहा. मात्र हा मीटर दिवा न बदलताही शून्यावर आणता येतो, म्हणून उजेडही डोळ्यांनी तपासा. विकताना दिवा मूळ कंपनीचा की दुसऱ्या बनावटीचा, हे बिलावर लिहा. दोन पैसे कमी मिळतील, पण गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दुकानाची पायरी चढेल.