वजनाचा मध्य कोठे असतो?

पुठ्ठ्याचा आयत कापून त्याचे कर्ण आखले, तर ते जेथे छेदतात तेथेच तो पेन्सिलीच्या टोकावर तोलून धरता येतो. गोल चकतीचेही तसेच. शाळेत हेच आकार प्रथम भेटत असल्यामुळे आकृतीचा मध्य आणि गुरुत्वमध्य ही एकाच बिंदूची दोन नावे आहेत, असा पुष्कळांचा ग्रह होऊन बसतो. वस्तुतः भूमिती केवळ आकार पाहते. गुरुत्वमध्य ठरतो तो वजन कोठे किती आहे यावरून.

त्रिकोण हाती घेतला की हा ग्रह टिकत नाही. मुळात त्रिकोणाचा मध्य म्हणावे तरी कशाला? १२, ९ आणि १५ सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण घ्यावा आणि काटकोनापासून १२ सेंटिमीटरच्या बाजूच्या दिशेने अंतरे मोजावीत. तिन्ही बाजूंना आतून स्पर्श करणाऱ्या वर्तुळाचा मध्य ३ सेंटिमीटरवर येतो. तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा मध्य ६ सेंटिमीटरवर, तोही ऐन कर्णाच्या कडेवर. पुठ्ठा तोलला जातो तो मात्र ४ सेंटिमीटरवर, तिन्ही मध्यगा मिळतात तेथे. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे सिद्ध केले होते.

आता त्याच मापांचा त्रिकोण सारख्या जाडीच्या तारेचा करावा. गुरुत्वमध्य ४.५ सेंटिमीटरवर सरकतो! आकार तोच, मापे तीच. परंतु पुठ्ठ्याचे वजन सर्व पृष्ठावर पसरलेले होते, तारेचे केवळ कडांवर आहे, आणि लांब बाजूंत तार अधिक असल्याने त्या आपल्याकडे ओढून घेतात. शिवाय हा बिंदू तारेवर नसून मोकळ्या हवेत आहे. बांगडीच्या बाबतीत तरी दुसरे काय असते? ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी पुठ्ठा एका कोपऱ्यापाशी टाचणीला सैल टांगून ओळंब्याची रेषा आखावी, मग दुसऱ्या कोपऱ्यापाशी टांगून तसेच करावे. रेषा छेदतील तो गुरुत्वमध्य.

मालाने भरलेल्या गाडीच्या बाबतीत हा भेद जीवावर बेततो. ताडपत्री बांधल्यावर बाहेरून गाडीचा आकार एकच दिसतो, मग धान्याची पोती तळाशी असोत वा गवताच्या भाऱ्यांवर रचलेली असोत. चाकांमधील रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर उंच असेल, तर उभी गाडी एका बाजूस सुमारे ३७ अंश कलेपर्यंत तग धरते. तोच मध्य दीड मीटरवर चढला की २७ अंशांच्या आतच त्यातून सोडलेला ओळंबा चाकाबाहेर पडतो आणि गाडी उलटते. हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. वळणावर वेग असला, तर याहून पुष्कळ कमी कलही पुरतो. म्हणून जाणता हमाल जड पोते आधी तळाशी लोटतो, आणि हलक्या मालासाठी वरची जागा राखून ठेवतो.